अम्बुलारे: चालणे, फिरणे, भटकणे

चंडीगडच्या सेक्टर ३४मधल्या एका कोचिंग क्लासमध्ये मी इंग्रजी शब्द शिकवते. इंग्रजी नव्हे, शब्द. समोर बसलेल्या पोरांना भाषेशी काही देणंघेणं नसतं. कुणाला बँकेची परीक्षा द्यायची असते, कुणाला कॅनडा गाठायचा असतो, आणि दोघांनाही शब्द पाठ करायचे असतात. म्हणून मी त्यांना लॅटिन धातू देते. एक धातू घ्या, त्याची सगळी पिल्लं पाठ करा, पुढचा घ्या. या कामाचा मला अभिमान वगैरे नाही. पण नवरा विद्यापीठात संशोधक, आम्ही तिथल्याच क्वार्टरमध्ये राहतो, आणि दिवसभर भिंतींशी मराठी बोलत बसण्यापेक्षा हे बरं.

'अम्बुलारे' हा माझा हुकमी धातू. अर्थ चालणे, फिरणे. प्रिअँबल म्हणजे जे पुढे चालतं ते, संविधानाच्या आधी चालत येतं म्हणून. सोम्नँब्युलिस्ट म्हणजे झोपेत चालणारा. पेरँब्युलेटर म्हणजे आपली बाबागाडी. शेवटी मी फळ्यावर अँब्युलन्स लिहिते आणि मुद्दाम थांबते. कुणीतरी म्हणतंच, "मॅम, जो चल ही नहीं सकता, उसकी गाड़ी का नाम चलना?" मग मी सांगते, की फ्रेंच फौजेबरोबर रणांगणावर एक दवाखाना फिरत असे, त्याला 'चालता दवाखाना' म्हणायचे. पुढे लोकांनी त्यातला दवाखाना गाळला आणि 'चालता' तेवढा ठेवला, तोच त्या गाडीला चिकटला. पोरं हसतात आणि लिहून घेतात. पूर्वी मीही हसायचे. आता नुसती सांगते.

अण्णा, म्हणजे माझे वडील, आयुष्यभर गडहिंग्लजच्या स्टँडवर कंट्रोलर होते. कुठली एसटी कुठल्या फलाटावर लागली, कुठली सुटली, कुठली अजून यायचीय, हे माइकवरून ओरडून सांगायचं. आवाज असा की स्टँडमागच्या आमच्या दोन खोल्यांत जेवताना आम्हाला आजऱ्याची गाडी लागल्याचं कळायचं. आई गेल्यावर ते त्या दोन खोल्यांत एकटे राहिले. मग गॅस चालूच ठेवून बाहेर पडले, परत एकदा तेच केलं, शेजाऱ्यांचे फोन यायला लागले, तेव्हा मी जाऊन त्यांना चंडीगडला घेऊन आले.

हे शहर त्यांना एक दिवससुद्धा आवडलं नाही. "पट्टी घिऊन आखलंय काय गं ह्ये?" असं पहिल्याच आठवड्यात विचारलं. रस्ते सरळ, झाडं सरळ, आणि ज्याच्याशी दोन शब्द बोलावेत असा माणूस नाही. त्यांची हिंदी म्हणजे मराठीलाच 'है' लावायचं. माझ्या मुलीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत देते. दोघं आपापल्या भाषेत एकमेकांवर ओरडायची आणि दोघांनाही वाटायचं की समोरचा बहिरा आहे.

त्यांचा एकच विरंगुळा होता, सेक्टर ४३चा बसअड्डा. रिक्षा करून जायचे आणि बाकावर बसून गाड्या बघायचे. शिमल्याची, मनालीची, अमृतसरची. संध्याकाळी येऊन सांगायचे, की इथले ड्रायव्हर गाडी फलाटाला वाकडी लावतात. एक दिवस अशीच एक बस मागे येत होती. अण्णांना राहवलं नाही. उठले, हात हलवत, स्वतः मागे मागे चालत, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे" करत बस घ्यायला लागले. ड्रायव्हरनं बस व्यवस्थित थांबवली. अण्णाच थांबले नाहीत. फलाटाच्या कडेवरून खाली पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ज्या गाडीतून त्यांना नेलं तिच्या पाठीवर चालण्याचं नाव होतं, आणि आत ते माझा हात धरून विचारत होते, "बस नीट लागली का?" मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला होता की मी उत्तर दिलं नाही.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, हाड आम्ही बसवलंय, पुढचं तुमच्या हातात. यांना चालवा. पडून राहिले तर आधी पाठ सोलते, मग छाती भरते, आणि मग आम्हाला विचारू नका. हे ते अण्णांच्या समोरच हिंदीत बोलले आणि अण्णांनी माझ्याकडे बघून विचारलं, "काय म्हणत्यात?"

"चालायला पाहिजे म्हणतात."

"बरं," अण्णा म्हणाले, "चालतो. पण माझ्या पायानं संडासापतूर जाता आलं की मला गावी न्हिऊन सोडायचं. मग गॅसबिस काय न्हाई, खानावळीतनं डबा लावतो. कबूल?"

मी कबूल म्हणाले. मनातून मला वाटत होतं की ही वेळ येणारच नाही. आणि ती येणार नाही याचा अर्थ काय, तेही मला कळत होतं.

त्यांच्या शेजारच्या खाटेवर शहराला लागूनच असलेल्या मनीमाजऱ्याचे एक सरदारजी होते. बाजारात शिलाई मशीन दुरुस्त करायचं दुकान, आता मुलाच्या हवाली केलेलं. वयानं अण्णांच्याच बरोबरीचे, हाडही तेच मोडलेलं, फक्त ते गुरुद्वाराच्या पायरीवरून घसरले होते. त्यांची बायको दिवसभर स्टुलावर बसून हळू आवाजात पाठ म्हणायची. सरदारजींनी पहिल्या दिवशी अण्णांना धंदा विचारला, मी सांगितला, आणि तेव्हापासून अण्णा 'कंट्रोलर साब' झाले. गेल्या कित्येक महिन्यांत त्यांना कुणी मानानं हाकच मारली नव्हती. ते खूश झाले.

दोघांत एकही भाषा सामाईक नव्हती. पंजाबी यांना येईना, मराठी त्यांना येईना, आणि हिंदी दोघांचीही यथातथा. पण शर्यत लावायला भाषा लागत नाही. फिजिओथेरपीवाली मुलगी लोखंडी वॉकर घेऊन आली की आधी सरदारजी, मग अण्णा. अण्णा त्या वॉकरला पांगुळगाडा म्हणायचे. सरदारजी खिडकीपर्यंत गेले की अण्णा दात-ओठ खात खिडकीपर्यंत जायचे आणि काचेला हात लावून परत यायचे. सरदारजी टाळ्या वाजवायचे. "ओ कंट्रोलर साब, गड्डी छुट गई!" अण्णांना हे एक वाक्य बरोबर कळायचं.

मग एका सकाळी मी डबा घेऊन गेले तर शेजारची खाट रिकामी होती. गादी दुमडून ठेवलेली, स्टूलही नव्हतं. अण्णा मात्र उशीला टेकून बसले होते आणि चेहरा उजळलेला होता.

"गेलं की गं सरदारजी," ते म्हणाले.

मी डबा खाली ठेवला. "कधी?"

"पहाटंच. मला झोप लागलेली. उठून बघतोय तर खाट मोकळी. मी सिस्टरला इचारलं, सरदारजी किधर है? ती म्हणाली, चल बसे." अण्णांनी मांडीवर थाप मारली. "काल माणूस खिडकीपतूर जाताना घामाघूम होत हुता, आणि आज चालला, गाडीत जाऊन बसला! एवढी घाई? मला सांगून तरी जायचं."

मी सिस्टरला बाहेर गाठलं. फुप्फुसात गुठळी अडकली होती, काही करायला वेळच मिळाला नाही. तिला वाटलं होतं की बाऊजींना कळलं, कारण ते ऐकून नुसते मान हलवत 'अच्छा, अच्छा' म्हणाले.

परत आत आले तेव्हा अण्णा पाय खाटेवरून खाली सोडून बसले होते. "पांगुळगाडा आण," म्हणाले. "मी काय इथंच राहू काय?" आणि त्या दिवशी ते खिडकीपर्यंत गेले, तिथून दारापर्यंत, आणि दारातून परत. मी त्यांच्यामागे हात पसरून चालत होते. मी त्यांना सांगितलं नाही. त्याबद्दल मला तेव्हा वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. मेलेल्या माणसाशी का होईना, ते शर्यत लावून चालत होते, आणि मला ते चालायला हवे होते.

घरी आणल्यावर पुढचा पेच सुरू झाला. फोनवर गावाकडच्या मित्राला ते मोठ्या आवाजात सांगायचे, "आमचा सरदारजी चल बसे झाला! लई जिगरीचा माणूस." माझी मुलगी हे ऐकून माझ्याकडे डोळे मोठे करून बघायची. एकदा स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "मम्मा, आजोबा को बता दो यार. किसी दिन किसी के सामने बोल देंगे."

"तू गप्प बस," मी म्हणाले.

"मैं तो चुप ही हूँ. पर ये पक्का गड़बड़ होगी."

आमची खोली लहान, त्यामुळे अण्णांची चाल डायनिंग टेबलाभोवती. टेबलाला वळसा घालायचा, खिडकीशी क्षणभर टेकायचं, पुन्हा वळसा. त्या दिवसांत मी सुट्टी घेऊन घरी होते आणि समोर बसून शब्दकोश चाळायचे, म्हणजे ते आपल्याकडे कुणी बघतंय असं समजून अवघडणार नाहीत. अम्बुलारे इतकी वर्षं शिकवला, पण तो शब्द मी कधी उघडून पाहिला नव्हता. त्यात दोन तुकडे आहेत. पहिला 'अम्ब', म्हणजे सभोवती, आपल्या संस्कृत 'अभितः'चा भाऊबंद. दुसरा तुकडा भटकण्याचा. म्हणजे मुळात तो शब्द कुठून कुठे जाण्याचा नाहीच, गोल फिरण्याचा आहे. आणि काही जाणकारांचं म्हणणं, की हद्दपार माणसासाठी लॅटिनमध्ये जो शब्द आहे, ज्याचं इंग्रजीत एग्झाइल झालं, तोही याच भटकण्यातून आलेला असावा. ठामपणे कुणी सांगत नाही. मी पुस्तक मिटलं. समोर माझे वडील हजार मैलांवरच्या माझ्या टेबलाभोवती फिरत होते आणि मला शब्दकोशाची चीड आली.

पण ते चालायला लागले. आधी पांगुळगाडा घेऊन, मग भिंतीला धरून. एक दिवस मी बाजारातून आले तर ते संडासातून एकटे बाहेर येत होते. दाराला धरून उभे राहिले आणि मला म्हणाले, "कबूल म्हणाली हुतीस."

"हो," मी म्हणाले. "बॅचची परीक्षा झाली की नेते."

ते हसले. मग म्हणाले, "त्याआधी मनीमाजऱ्याला जाऊ. सरदारजीला चालून दाखवतो." मी म्हणाले, बघू. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी म्हणाले, ऊन फार आहे. तिसऱ्यांदा मी त्यांच्यावर खेकसले, की मला काय तेवढंच काम आहे का. ते पुन्हा टेबलाभोवती फिरायला लागले.

मनीमाजऱ्यालाच आमच्या घरी यायचं होतं. एका दुपारी बेल वाजली आणि दारात सरदारजींची बायको. वॉर्डात असताना आम्ही एकमेकींना पत्ते दिले होते. अंगावर पांढरी चुन्नी, हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी लांबट. मी तिला दारातच अडवायला हवं होतं, जिन्यात घेऊन जाऊन सांगायला हवं होतं, हे सगळं मला सुचलं, पण तोंडातून "या, आंटीजी" एवढंच निघालं.

अण्णा खुर्चीतून उठले. भिंतीला धरलं नाही, टेबलाला धरलं नाही. सरळ खोली ओलांडून तिच्यापर्यंत चालत आले, तिला दिसावं म्हणून. आणि हात जोडून, त्यांच्या माइकच्या आवाजात म्हणाले, "आइये, आइये! सरदारजी चल बसे ना? बहुत अच्छा हुआ! हमको लई आनंद हुआ. अब हम भी चल बसेंगे, आपके आशीर्वाद से!"

मुलगी आतल्या दारात उभी होती, तिनं तोंडावर हात घेतला. मी काहीतरी बोलायला गेले, पण बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या अण्णांच्या पायांकडे बघत होत्या. तिथून नजर वर त्यांच्या हसऱ्या चेहऱ्यावर आली, आणि मला वाटतं तिथेच त्यांना सगळं कळलं. शेजारी शेजारी पडलेल्या त्या दोघांचं बोलणं त्यांनी इतके दिवस ऐकलं होतं.

"हांजी, कंट्रोलर साब," त्या सावकाश म्हणाल्या. "चल बसे. तुसी बैठो. तुहाडी लंबी उमर होवे."

त्यांनी कापड सोडलं. आत काठी होती, वरची मूठ पितळेची, घासून लख्ख केलेली. ती त्यांनी अण्णांच्या हातात दिली. अण्णांनी जमिनीवर टेकवून पाहिली, वजन टाकून पाहिलं, मूठ अंगठ्यानं चोळली. त्यांना ती फार आवडली. "सरदारजीनं दिया? हमारे वास्ते?" त्यांनी विचारलं. बाईंनी मान डोलावली.

आणि मग अण्णांचा अंगठा थांबला.

"काठी हमको दिया," ते म्हणाले, "तो सरदारजी काहे से चलता है?"

बाईंचा चेहरा तसाच राहिला, फक्त डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. अण्णा त्यांच्याकडे बघत राहिले. मग हळूहळू मागे सरकत खुर्चीपर्यंत गेले आणि बसले. मी पाणी आणलं, चहा ठेवला. बाई चहा न घेताच उठल्या. जाताना अण्णांच्या डोक्यावर हात ठेवला, लहान मुलाच्या ठेवतात तसा.

दार लावून मी आत आले तेव्हा काठी मांडीवर आडवी होती.

"चल बसे म्हंजे काय गं?"

आता मात्र मी सगळं सांगितलं. आपलं बसणं वेगळं आणि त्यांचं बसना वेगळं. त्यांचं बसना म्हणजे वसणं, वस्ती करणं. इथून चालत गेले आणि दुसरीकडे जाऊन वसले, म्हणजे वारले. मी हे वर्गात सांगते तसं सांगत होते, आवाज घट्ट ठेवून, कारण एकदा थांबले असते तर रडले असते.

अण्णांनी नीट ऐकून घेतलं. "हितनं चालत गेला आणि भलतीकडं जाऊन वसला," ते स्वतःशीच म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं. "मग माझं तर ते झालंच की गं. गडहिंग्लज सोडलं तवाच."

मी त्यांच्या पायाशी बसले आणि रडले. ते माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिले, पण 'तसं न्हवं' असं म्हणाले नाहीत.

त्यानंतर ते चालायचे थांबतील अशी मला धास्ती होती. झालं उलटंच. आता ते सरदारजींची काठी घेऊन सकाळ-संध्याकाळ टेबलाभोवती फिरायला लागले. बोलणं कमी झालं. शर्यत तर उरलीच नव्हती. फक्त गावाचं तेवढं विचारायचे. आरक्षण केलं का, दिल्लीला गाडी बदलताना जिने किती, वर चढवायला कुणी मिळेल का. मी तिकिटं काढली. मित्राला फोन करून त्यांनी दोन खोल्या झाडून घ्यायला सांगितल्या, मडक्यात पाणी भरून ठेव म्हणाले. बॅग भरून खाटेखाली ठेवली. मुलीला जवळ बोलावून म्हणाले, "मी जाणार. तू माझ्याशी एक तरी वाक्य मराठीत बोल." ती बराच वेळ विचार करून म्हणाली, "आजोबा, सांभाळून जा." अण्णांनी ते तिच्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं.

निघायच्या आठवड्यात, सकाळची वेळ. मी ओट्याशी पोळ्या लाटत होते. बाहेरच्या खोलीत काठीचा आवाज येत होता. टक्, मग पाय घासल्याचा आवाज, मग टक्. त्या आवाजाची मला इतकी सवय झाली होती की तो येतोय हे जाणवायचंही नाही. तो थांबल्याचं मात्र जाणवलं. खिडकीशी टेकले असतील असं समजून मी हातातली पोळी तव्यावर टाकली. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पोळी भाजून झाली तरी टक् पुन्हा आलं नाही.

मी बाहेर गेले. अण्णा खुर्चीत बसले होते, पाठ टेकलेली, काठी दोन गुडघ्यांच्या मध्ये उभी आणि दोन्ही हात मुठीवर. स्टँडवरच्या बाकावर गाडीची वाट बघत बसावं तसे. मी हाक मारली. मग खांद्याला हात लावला.

थोड्या वेळानं शेजारच्या बाई धावत आल्या. माझा आवाज ऐकून आल्या असाव्यात, मी ओरडल्याचं मला आठवत नाही. त्यांनी दारातूनच विचारलं, "क्या हुआ जी? बाऊजी?"

शब्द शिकवणं हा माझा धंदा. तरी त्या वेळी मला एकच आठवला.

"चल बसे," मी म्हणाले.

बाईंनी कपाळाला हात लावला. त्यांना त्यांचा अर्थ कळला. मला मात्र ते अण्णांच्याच मराठीत ऐकू आलं. चालले, आणि बसले. फक्त गाडी लागली नव्हती.